समेवर दाद, चित्रावर अंगठा

गेल्या आषाढात सांगलीहून भाचीनं एक चित्र पाठवलं. टॅबलेटवर काढलेलं: पावसातली वारी, डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई, मागे पताका, खाली ओला डांबरी रस्ता. घरच्या ग्रुपवर धडाधड 'अप्रतिम', 'खूपच सुंदर', टाळ्या, जोडलेले हात. मी इकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत होतो. एका हातात चीज घातलेला पाव (इथल्या लोकांचं दुपारचं जेवण म्हणजे एवढंच), दुसऱ्या हातानं मीही अंगठा दाबून मोकळा झालो. मग एका काकांनी विचारलं, "एआयनं केलंय का गं हे?" ती काही लिहीपर्यंत ग्रुपवर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो येऊन पडले होते.

रात्री फोन केला तर म्हणाली, "नऊ दिवस लागले रे मामा." बस, एवढंच.

2025 च्या मार्चमध्ये एआयनं बनवलेल्या, घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या पद्धतीच्या चित्रांची लाट आली आणि ज्याच्या त्याच्या लग्नाचा फोटो जपानी कार्टून झाला, तेव्हापासून आपल्याकडे वाद रंगलाय. एक बाजू म्हणते, कौतुकाची खिरापत पुरे झाली, पोरांना टीका ऐकायची सवय लावा, नाहीतर यंत्र त्यांना खाऊन टाकेल. दुसरी म्हणते, कुणी हातानं काही करतंय तर कशाला पाय ओढता, चांगलं म्हणा. परवा आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळातही चकलीबरोबर हाच विषय होता. मला दोन्ही बाजू सारख्याच आळशी वाटतात. 'अप्रतिम' म्हणणाऱ्यानं चित्र पाहिलेलं नसतं आणि 'एआय का?' विचारणाऱ्यानंही नसतं.

आता माझा स्वतःचा पराक्रम सांगतो. डच माणूस तोंडावर बोलतो ही ख्याती खरी आहे. आमच्या वाचनालयात दर मंगळवारी संध्याकाळी डिजिटल चित्रं काढणारे आठ-दहा जण जमतात. बहुतेक जण क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरतात, दोघं-तिघं थ्रीडीचं ब्लेंडर. ब्लेंडर याच देशातलं. 2002 मध्ये लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी खुलं झालं, हे ते फार अभिमानानं सांगतात. तिथं 'वाईट नाही' ही जवळजवळ पैठणी समजायची. पहिल्या महिन्यात माझ्या एका चित्राला 'हे अजून चित्र झालेलं नाही' असं ऐकून मी सायकल हातात धरून चालत घरी आलो होतो. वर्षभरात त्याची सवय झाली, पुढे चटक लागली. आणि त्याच तोऱ्यात मी भाचीला रात्री बसून अकरा चुका लिहून पाठवल्या. आकडे घालून. वर 'मनावर घेऊ नकोस' असंही लिहिलं, म्हणजे मनावर घेण्यासारखं आहे हे मलाही ठाऊक होतं. दोन महिने तिचं एक चित्र आलं नाही.

तिला विचारून मग ते वारीचं चित्र मी मंगळवारी नेलं. टेबलाशी बसलेले एक निवृत्त इंजिनिअर आजोबा बराच वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी विचारलं, "पाऊस थांबलाय की सुरू होणार आहे?" मग, "डोक्यावरचं झाड घेऊन ही किती लांब चालणार?" मी पंढरपूर सांगितलं, किलोमीटर सांगितले. ते पुन्हा चित्राकडे वळले आणि म्हणाले, "मान बरोबर आलीय. ओझं मानेत दिसतंय." ती मान मी अकरा मुद्द्यांत कुठंच धरली नव्हती. त्यानंतर त्यांनी क्रिटात एम दाबून चित्र आरशातल्यासारखं उलटवलं आणि पायांकडे बोट केलं. बाई एका लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांपैकी एकावर काढलेली, रस्ता दुसऱ्या. दोघांची गाठच पडलेली नव्हती. तळव्याखाली सावलीची एक गडद रेघ नाही, ओल्या डांबरात लुगड्याचा रंग उतरलेला नाही, म्हणून ती रस्त्यावर चालत नाही, तरंगते. मला पेन देऊन म्हणाले, दाखव हवं तर, पण वेगळ्या लेयरवर, आणि आधी तिला विचारून. दुसऱ्याच्या चित्रावर न विचारता रंग चढवणं त्या टेबलावर चपला घालून देवघरात जाण्यासारखं आहे.

म्हणजे मी या लोकांकडून फक्त अर्धाच भाग उचलला होता. बोलणं उचललं, त्याआधीचं बघणं राहून गेलं.

लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं 1990 मध्ये यासाठी एक रीतच बसवली: बघणाऱ्यानं आधी काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकारानं प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यानं, तेही प्रश्नाच्या आडून मत न सांगता, आणि मत द्यायचंच तर 'देऊ का?' असं विचारून. टेबलावरच्या त्या आजोबांनी तिचं नावही ऐकलेलं नसावं. मला ही रीत थोडी शिस्तीची वाटते, सत्यनारायणाच्या पोथीसारखी, पण क्रम पटतो.

आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. गाण्यात आपण किती पक्के आहोत! गवई अवघड तान घेऊन समेवर आला की त्याच क्षणी 'वा!' जातं. मागून, सगळं झाल्यावर 'छान गायलात' म्हणणारा रसिक नव्हे, पाहुणा. दाद नेमक्या जागेला असते, म्हणून गाणाऱ्याला कळतं की ही जागा पोचली. चित्रासमोर मात्र आपण सगळे पाहुणे. शाळेत आपण एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, सगळं तासन्‌तास रंगवलं. परत काय आलं? ए, बी किंवा सी. माझ्या इंटरमिजिएटला बी आली. का, हे आजतागायत मला माहीत नाही. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात या एका गोष्टीवर आई खूश होती. अशा एका अक्षरावर वाढलेली माणसं पुढे अंगठा दाबतात यात नवल ते काय?

डचांचंही सगळं गोड मानायचं कारण नाही. मंगळवारच्या टेबलावर सोळा वर्षांचा एक मुलगा तीनदा येऊन चौथ्यांदा आला नाही, आणि 'ज्याला ऐकवत नाही त्यानं येऊ नये' असं म्हणणारे तिथंही निघाले. मला ते ऐकून आपल्याकडच्या पहिल्या बाजूची आठवण झाली.

भाचीला मी अकरा मुद्द्यांबद्दल माफी मागितली नाही. मामा आहे, जमलं नाही. मानेबद्दल तेवढं लिहिलं, आणि विचारलं की तुळशीखाली चुंबळ आहे की पदर. तिचं उत्तर पानभर आलं. आजीनं वारीत कशी चुंबळ बांधली होती, तिनं तिचा फोटो कसा शोधला. पायांचं तिनं स्वतःच काढलं: "तरंगतेय ना ती?"

काल नवीन चित्र आलंय. स्वयंपाकघर, चुलीवर चहाचं पातेलं, वर पांढरट काहीतरी चढतंय. खाली विचारलंय, "मामा, वाफ वाटते की धूर?" धूर वाटतो. पण आधी मी तिला विचारलंय, आधण नुकतं आलंय की उतू जायला आलंय?