डॅशबोर्ड हिरवा दिसतोय ना? मग झालं!

कंपनीत नुकतंच पॉवर बीआय (आकड्यांचे रिपोर्ट आणि नकाशे दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आलं असेल तर सर्वप्रथम अभिनंदन. आता तुमचे सगळे निर्णय डेटावर होणार. कॉन्फरन्स रूमच्या भल्यामोठ्या टीव्हीवर महाराष्ट्राचा नकाशा झळकेल, जिल्ह्याजिल्ह्यावर विक्रीचे गोल फुगे येतील, एमडी साहेब टाळ्या वाजवतील, समोसे वाटले जातील. समोसे संपल्यावर हे सगळं सांभाळायचं कुणी, एवढा एक किरकोळ प्रश्न उरतो. त्याबद्दल चार गोष्टी सांगाव्या म्हणतो. अनुभव अगदी ताजा आहे.

ॲडमिन निवडणं सोपं आहे. ऑफिसात ज्याला एक्सेलमधलं व्हीलुकअप येतं, तो ॲडमिन. त्याचं मूळ काम त्याच्याकडेच राहू द्या. हे फक्त ‘जरा बघत जा’ म्हणून द्यायचं. अप्रेझलच्या वेळी ‘पण यात तुम्ही नेमकं काय केलंत?’ असं विचारायला विसरू नका.

लायसन्स माणशी घ्यावं लागतं म्हणे. घ्या एकच, आणि पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करा.

ॲक्सेस देताना मन मोठं ठेवा. नागपूरच्या मॅनेजरला फक्त विदर्भाचे आकडे दिसावेत म्हणून कुणीतरी डोळे फोडून रो-लेव्हल सिक्युरिटी लावलेली असते. मग एक दिवस फोन येतो, ‘साहेबांना रिपोर्ट उघडत नाहीये, काहीतरी करा.’ काय करायचं? सगळ्यांना वर्कस्पेसचं, म्हणजे रिपोर्ट जिथं ठेवतात त्या सामायिक जागेचं, ॲडमिन करून टाकायचं. ती सिक्युरिटी फक्त व्ह्यूअरना, म्हणजे नुसतं बघणाऱ्यांनाच लागू होते, ॲडमिन आणि मेंबर मंडळींना सगळंच दिसतं. नागपूरकरांना पुण्याचा इन्सेंटिव्ह कळतो, पुढचं तुम्हाला सांगायला नको.

लॉगिनचीच कटकट वाटत असेल तर ‘वेबवर प्रकाशित करा’ हे बटण दाबा. पगारपत्रक अख्ख्या जगाला दिसेल. पारदर्शकता!

रिफ्रेश, म्हणजे रिपोर्टात ताजा डेटा भरणं, मात्र ‘लाइव्ह’च मागा. प्रो लायसन्सवर दिवसाला 8 रिफ्रेश मिळतात, ते आठही वापरा. टॅलीत एंट्र्या महिनाअखेरीला बसून होतात आणि डिस्पॅचची नोंद ट्रक टोलनाका ओलांडून गेल्यावर, ही बाब वेगळी. शक्य असेल तर पहाटे 5 ची वेळ लावा. क्लाउडचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर चालतं, त्यामुळे आपल्या साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो. मग ‘आजचे डिस्पॅच’ या कॉलमात पुढच्या रिफ्रेशपर्यंत काल.

इतका खर्च करून केलेला रिपोर्ट उघडला की पहिलं काम म्हणजे एक्सपोर्ट टू एक्सेल. तिथं 1,50,000 ओळींना मर्यादा आहे. पुढच्या ओळी कुठं गेल्या, हे ॲडमिनला रात्री साडेनऊला फोन करून विचारा. (2020 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून 15,841 कोविड रुग्ण सुटले होते. जुन्या एक्सएलएस फाइलीत 65,536 च्या पुढं ओळी मावत नाहीत, म्हणून. तेव्हा तुम्ही एकटे नाही.)

दोन रिपोर्टांत विक्रीचे आकडे वेगळे का, हे मला विचारू नका. जीएसटीसकट की जीएसटी सोडून, ते सेल्स आणि फायनान्सनं आपापसांत ठरवावं. ठरलं की कळवा.

आता गेटवे. ऑफिसच्या सर्व्हरमधला डेटा क्लाउडला पोचवायला मधे हा लागतो. तो चोवीस तास चालू राहणाऱ्या मशीनवर बसवा, असं पुस्तकी लोक सांगतात. तुम्ही तो लॅपटॉपवर बसवा. रिपोर्ट बनवणाऱ्या पोराच्याच. म्हणजे झाकण मिटून तो गणपतीला सावंतवाडीला निघाला की कंपनीचा डेटाही सावंतवाडीला. डेटाबेसचा पासवर्ड त्याचा, सगळ्या रिपोर्टांची मालकी त्याची, गेटवे पुन्हा उभा करायची किल्ली, म्हणजे ‘रिकव्हरी की’, त्याच्याच कुठल्यातरी नोटपॅडमध्ये. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे कुणा माणसाचं नसलेलं, फक्त सिस्टिमच्या कामाचं अकाउंट मागितलं, तर आयटीनं विचारायचं, ‘या नावाचा एम्प्लॉयी आपल्याकडे आहे का?’ गेटवेसाठी साधा सर्व्हर मागितला, तर फायनान्सनं म्हणायचं, ‘चालतंय ना आत्ता? मग?’

मग ते पोरगं राजीनामा देतं. नोटीस पिरियडमध्ये हँडओव्हर घ्यायचा नाही, नवे रिपोर्ट करून घ्यायचे. शेवटच्या दिवशी केक. एचआरच्या फॉर्मवर आयकार्ड, लॅपटॉप, ड्रॉवरची किल्ली, सगळ्यापुढं टिक. संध्याकाळी त्याचं अकाउंट बंद, लॅपटॉप फॉरमॅट. दुसऱ्या सकाळी रिफ्रेश पडलं. पडल्याची मेल जाते रिपोर्टच्या मालकाला, म्हणजे आदल्या संध्याकाळी बंद केलेल्या मेलबॉक्सला! लागोपाठ चार वेळा पडलं की ते वेळापत्रक आपोआप बंदच होतं. नंतर शांतता. रिपोर्ट उघडतो, नकाशा दिसतो, फुगे दिसतात, हिरवे बाण दिसतात. फक्त आकडे जिथल्या तिथं गोठलेले.

आणि त्या गोठलेल्या आकड्यांवर सोमवारचे रिव्ह्यू झाले. एक नाही, ओळीनं! एका रिजनल मॅनेजरला ‘ट्रेंड स्थिर ठेवलास’ म्हणून शाबासकी मिळाली. दुसऱ्याला झापलं, की गेल्या सोमवारपासून तुझं एक युनिट हललेलं नाही. अहो, कुणाचंच हललेलं नव्हतं! आणि त्यानं काय सांगावं? लांबलेला पाऊस. ते कारण मान्य झालं आणि मिनिट्समध्ये लिहिलंही गेलं. पाऊस!

कळलं कुणाला? गोदामातल्या स्टोअरकीपरला, ज्याच्याकडे लायसन्ससुद्धा नाही. त्यानं फोन केला, ‘साहेब, हितं रॅक मोकळे हायत, माल तुमच्या टीव्हीवरच दिसतोय.’ त्यावर मीटिंगमध्ये सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ‘तुमचा रिपोर्ट चुकला.’ माझा? कालपर्यंत तो मॅनेजमेंटचा डॅशबोर्ड होता, प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर होता. चुकल्याबरोबर माझा झाला.

तुम्हाला रिपोर्ट बघता येत नाही, साहेब. तुम्ही रंग बघता. शेवटचं रिफ्रेश कधी झालं ती तारीख रिपोर्टच्या डोक्यावर ठळक लिहिलेली होती. ती ‘डिझाइनमध्ये बसत नाही’ म्हणून तुम्हीच खाली, करड्या बारीक अक्षरांत ढकलायला लावलीत. लाखो रुपयांच्या ऑर्डरी ज्या आकड्यांवर सोडता, ते कालचे की परवाचे हे बघायला दोन सेकंद लागतात. तेवढेही कुणी दिले नाहीत. इतक्या हुद्द्यांची माणसं त्या खोलीत बसलेली, एकालाही वाटलं नाही की सलग दोन सोमवार विक्रीचा आकडा शेवटच्या रुपयापर्यंत तोच कसा?

नवा रिपोर्ट पाहिजे असला की सगळ्यांना घाई. चालू असलेला रोज तपासणं हे मात्र काम नाही, कारण त्यात टाळ्या नाहीत. त्या गेलेल्या पोराला नावं ठेवणं आता बंद करा. त्यानं निघताना मेल लिहिली होती, सगळ्यांना सीसी करून. कुणी उघडली?

एचआरच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, ‘रिपोर्ट आणि गेटवेची मालकी कुणाकडे दिली?’ रिफ्रेश पडल्याची मेल एका माणसाला नको, ग्रुपला जाऊ दे. सर्व्हिस अकाउंट द्या. आणि सर्व्हरची ती मागणी फायनान्सच्या टेबलावर गेल्या दिवाळीपासून पडून आहे. तिच्यावर सही करा.