“ट्यूटर लावा, कॉलेज सोडा” : या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली की नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं सार असं : कॉलेजात कोणी शिकवत नाही, तिथे वेळ घालवू नका. चांगला ट्यूटर गाठा. तो १५ दिवसांत एम-३ (इंजिनिअरिंगचा तिसरा गणिताचा पेपर) काढून देतो, सगळे टेक्निकल विषय एकटाच घेतो. प्रॅक्टिकल म्हणजे नुसती जर्नल, तीही होऊन जाते.

आम्ही ट्यूशन घेणारेच आहोत, म्हणजे हा मेसेज आमच्या फायद्याचाच आहे. तरीही तो जसाच्या तसा पुढे ढकलण्यासारखा नाही.

“१५ दिवसांत एम-३”

कधीकधी जमतं. रोजचे २ तास धरले तर ३० तास होतात. इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन हाताखालून गेलेलं असेल, तर तेवढ्यात लाप्लास आणि फुरिए हे एम-३चे भाग बऱ्यापैकी बसतात. पण ज्याची बॅक लागते, म्हणजे विषय राहतो, तो बहुधा लाप्लासमध्ये अडकलेला नसतोच. तो बारावीच्या बीजगणितात अडकलेला असतो. इन्व्हर्स लाप्लास काढताना छेदात (एस + १) चा वर्ग असला, तर दोन अपूर्णांक मांडावे लागतात, एक (एस + १) चा आणि एक त्याच्या वर्गाचा. पोरगा फक्त वर्गाचा मांडतो. पुढची सगळी सूत्रं पाठ असूनही उत्तर चुकतं, आणि त्याला वाटतं आपल्याला लाप्लास येत नाही. अशा वेळी पहिले ८-१० तास मागचं दुरुस्त करण्यात जातात. ते तास ‘१५ दिवस’वाल्या हिशेबात कोणी धरत नाही. गॅरंटी देणारा तर नाहीच नाही.

“कॉलेजात शिकवत नाहीत, ट्यूटर सगळं शिकवतो”

सत्तरेक पोरांच्या वर्गात प्रत्येकाची वही बघणं शक्य नसतं, एवढं या वाक्यात खरं आहे. ट्यूटरचा उपयोग नेमका तिथे होतो. पण तो लेक्चर पुन्हा देण्यात नाही, तुमची चुकलेली ओळ शोधण्यात आहे.

उदाहरण थेवेनिनचं घेऊ, म्हणजे आख्ख्या सर्किटच्या जागी एक व्होल्टेज सोर्स आणि एक रेझिस्टन्स मांडायची पद्धत. १२ व्होल्टचा सोर्स ४ ओहममधून ‘अ’ टर्मिनलला जोडलाय, त्या ४ ओहममधून ‘अ’कडे जाणारा करंट आय. ‘अ’ आणि ग्राउंडमध्ये दुसरा ४ ओहम. शिवाय ग्राउंडकडून ‘अ’मध्ये २आय एवढा करंट ढकलणारा डिपेंडंट सोर्स. ओपन सर्किट व्होल्टेज ९ येतं. आता थेवेनिन रेझिस्टन्स काढताना बहुतेक जण ‘सगळे सोर्स बंद’ करतात आणि ४ ला ४ पॅरलल, म्हणजे २ ओहम लिहून मोकळे होतात. उत्तर चूक. डिपेंडंट सोर्स बंद करायचा नसतो, कारण तो सर्किटमधल्याच करंटवर चालतो. टर्मिनल शॉर्ट करून बघा : आय ३ अँपिअर, त्याच्या दुप्पट ६, मिळून शॉर्ट सर्किट करंट ९ अँपिअर. ९ भागिले ९, म्हणजे १ ओहम. खात्री हवी असेल तर १२ व्होल्टचा सोर्स शॉर्ट करून ‘अ’मध्ये बाहेरून १ अँपिअर सोडा. ‘अ’ला १ व्होल्ट येतं, म्हणजे पुन्हा १ ओहमच.

ही चूक दाखवायला ट्यूटरला पाच मिनिटं पुरतात, पण तुम्ही २ ओहमवाली वही समोर ठेवली तरच. कोरी वही घेऊन “सर, थेवेनिन समजावून द्या” म्हटलं, की तो सोपं गणित घेतो, तुम्ही मान डोलावता आणि ती चूक परीक्षेपर्यंत तशीच राहते. चांगला ट्यूटर पहिल्या दिवशी शिकवतच नाही. आधी तीन गणितं तुमच्याकडून सोडवून घेतो.

“प्रॅक्टिकल म्हणजे नुसती जर्नल”

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. जर्नल उतरवता येते, हाताची सवय उतरवता येत नाही. आरसी लो-पास फिल्टर घ्या, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरचं, कमी फ्रिक्वेन्सीच पुढे सोडणारं सर्किट : १.६ किलोओहम, ०.१ मायक्रोफॅरड. कटऑफ, म्हणजे जिच्यापुढे सिग्नल घटत जातो ती फ्रिक्वेन्सी, कागदावर साधारण १ किलोहर्ट्झ. लॅबमध्ये काय होतं?

सीआरओ म्हणजे सिग्नल स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप, प्रोब म्हणजे त्याची मोजायची वायर. प्रोब १०एक्सवर आणि सीआरओचं चॅनेल १एक्सवर राहिलं, तर व्होल्टेज दहापट कमी दिसतं. फंक्शन जनरेटर ५० ओहम लोडच्या सेटिंगवर असला, तर स्क्रीनवरच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज बाहेर पडतं. मोठ्या ब्रेडबोर्डची पॉवर रेल कधीकधी मधोमध तुटलेली असते, मग अर्धं सर्किट मेलेलं. आणि सगळ्यांची आवडती चूक : रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघायला प्रोबची ग्राउंड क्लिप रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जोडावर लावायची. सीआरओचं ग्राउंड अर्थला, जनरेटरचंही बहुधा अर्थलाच. झाला कपॅसिटर शॉर्ट, मग कसला फिल्टर? व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, “क्लिप इथे का नाही लावली?” असं विचारलं, की उतरवलेल्या जर्नलचा मालक लगेच ओळखू येतो.

हे फळ्यावर सांगता येतं, पण बोटांना कळायला सीआरओ समोर लागतो, आणि तो ट्यूशनच्या खोलीत नसतो. सिव्हिलवाल्यांचं तर आणखी सरळ आहे. १५० मिलिमीटरच्या काँक्रीट क्यूबची २८ दिवसांची ताकद हवी, तर तो साच्यातून काढून पाण्यात ठेवायचा आणि २८ दिवस झाल्यावरच तपासायचा. त्याला १५ दिवसांचा क्रॅश कोर्स नाही. मशीनवर लोड घाईने वाढवला तर ताकद खऱ्यापेक्षा जास्त दिसते, आणि हे काटा चढताना बघितल्याशिवाय डोक्यात राहत नाही.

प्रोजेक्टचंही तेच. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) पार्ट्स आणून तुम्ही जोडा. ट्यूटर सर्किट तपासेल, सप्लायमधले चढउतार शोषणारा डिकपलिंग कपॅसिटर का हवा ते सांगेल, तुमच्या सी प्रोग्रॅममध्ये दोन पूर्णांकांच्या भागाकारात ५ भागिले २ चं २ होतंय हे दाखवेल. पूर्ण प्रोजेक्ट ‘करून देणारा’ ट्यूटर नव्हे, विक्रेता.

“एकच ट्यूटर सगळे विषय घेतो”

पहिल्या वर्षाचं गणित आणि बेसिक इलेक्ट्रिकल एकाच माणसाने घेणं समजू शकतं. सिग्नल्स, थर्मो आणि डेटा स्ट्रक्चर एकटाच घेणारा मात्र आदल्या रात्री वाचून येतो.

यात नागपूरची एक खास अडचण आहे. काही कॉलेजं नागपूर विद्यापीठाचे पेपर देतात, काही लोणेऱ्याच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र) विद्यापीठाला जोडलेली, वायसीसीईसारखी स्वायत्त कॉलेजं पेपर आपले आपण काढतात, व्हीएनआयटी या केंद्राच्या संस्थेचं तर सगळंच वेगळं. विषयाचं नाव तेच, युनिट वेगळे. ‘गेल्या १० पेपरांतले इम्पॉर्टंट’ म्हणून मिळालेला गठ्ठा कुठल्या विद्यापीठाचा, कुठल्या स्कीमचा (अभ्यासक्रमाच्या आराखड्याचा), हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्कीम बदलली की जुन्या विंटर-समरच्या पेपरांतले काही प्रश्न सिलॅबसमध्येच उरत नाहीत.

इंटर्नल मार्क आणि हजेरी यात ट्यूटरचा काडीचाही संबंध नाही. “कॉलेजात ओळख आहे” म्हणणाऱ्याकडून तर उठूनच या.

फी ठरवण्याआधी एवढं करा : तुमच्या कॉलेजचा चालू सिलॅबस, गेल्या सेशनलचा (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचा) तपासलेला पेपर आणि स्वतः सोडवताना अडकलेली ५ गणितं घेऊन एक तास बसा, फक्त त्या तासाचे पैसे द्या. तासाभरात ट्यूटरने तुमच्या वहीत काहीच खुणा केल्या नाहीत, तर दुसरा शोधा.