फट जिकडे, इंजिनाचं तोंड तिकडे

बोटीचा गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त झाला, सील बदलले, इंजिनाखाली नवी रबरी माउंटिंग बसली, की नाखव्याच्या लेखी काम संपतं. मिस्त्रीच्या लेखी ते पैसे मिळाले की संपतं. अलाइनमेंट दोघांच्याही हिशोबात नसते. गिअरबॉक्सची फ्लँज (टोकाची जाड गोल चकती) आणि पंख्याच्या शाफ्टची, म्हणजे दांड्याची, फ्लँज एकमेकींसमोर सरळ उभ्या आहेत की नाहीत, हे कुणीतरी आत घुसून बघायचं असतं. आत म्हणजे इंजिनाच्या मागे, गुडघे कानाशी, नाक बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, काळ्या पाण्यापासून वीतभर वर. रामदेवबाबांनी अजून शिकवलेलं नाही असं एक आसन इथे आपोआप जमतं. सुटता सुटत नाही एवढंच.

घाई मला समजते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ससून डॉकपासून वर्सोव्यापर्यंत सगळ्यांची सगळी कामं त्याच दोन महिन्यांत निघतात आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली की एकाही मिस्त्रीचा फोन लागत नाही. मग बोट वर ओढलेली असतानाच अलाइनमेंट उरकून घ्यायचा मोह होतो. उरका. इंजिन ढोबळमानाने जागेवर आणायला ते बरं पडतं. पण तेव्हाचं माप खरं मानू नका. जमिनीवर बोट चार ओंडक्यांवर टेकलेली असते, पाण्यात तिला सगळीकडून उचल मिळते, आणि तळाचा आकार थोडा का होईना बदलतो. फायबरच्या बोटीलाही हे चुकत नाही. लाकडी बोटीच्या फळ्या तर शिवाय पाणी पिऊन फुगतात. म्हणून बोट पाण्यात उतरवल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्यावे, लाकडी असेल तर आणखी. डिझेलची टाकी नेहमीइतकी भरलेली हवी.

त्यातून आपल्याकडे खाडीचा चिखल. ओहोटीला बोट गाळात बसते आणि मिस्त्री नेमका ओहोटीलाच येतो, कारण तेव्हा होडी न करता चालत येता येतं. अशा वेळी घेतलेलं माप हे खाडीच्या तळाचं माप असतं, त्याचा बोटीशी संबंध नाही. भरती येऊ द्या, बोट पूर्ण तरंगू द्या. भाऊच्या धक्क्यावर बाजूने रो-रो गेली आणि बोट डोलायला लागली तरी घाबरू नका. दोन्ही फ्लँज एकाच बोटीत असतात, डोलतात त्या बरोबरच डोलतात. डोकं मात्र सांभाळा, वरचा बीम डोलत नाही.

बोल्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर पंचने खूण करा, म्हणजे जोडताना त्या पहिल्यासारख्याच बसतील. फ्लँज सुटत नसेल तर हातोडा काढू नका. तो घाव गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो आणि आपण परत पहिल्या वाक्यावर येतो. दोन्ही तोंडं घासून स्वच्छ करा. पावसाळ्यात रंगाचा डबा उघडला की जे दिसेल त्याला रंग फासायची पद्धत आहे, फ्लँजच्या तोंडालाही. रंगाचा एक पापुद्रा इथे पुरेसा खोटं बोलतो.

सुटलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि इंजिन उंच बसलंय असं वाटायला लागतं. दोष शाफ्टच्या लोंबण्याचा असताना लोक इंजिन खाली करत सुटतात. उपाय सोपा आहे: मासळी तोलायचा कमानीचा (स्प्रिंगचा) काटा. ४० मिमीच्या स्टीलच्या शाफ्टचं वजन मीटरला साधारण १० किलो. ग्लँडपासून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी जोडणी) पुढे एक मीटर शाफ्ट उघडा असेल, तर त्याचं निम्मं वजन, म्हणजे ५ किलो, अधिक कपलिंगचं, म्हणजे शाफ्टच्या टोकाला बसवलेल्या फ्लँजच्या तुकड्याचं, पूर्ण वजन, समजा ४ किलो. काट्याने कपलिंग वर ओढा, ९ किलो दिसले की थांबा, बांधून टाका. या काट्यावर कुणी भाव विचारत नाही असा हा एकच प्रसंग.

आता शाफ्ट हाताने पुढे सरकवा. एका फ्लँजचा उंचवटा दुसरीच्या खोबणीत हातानेच, न ठोकता बसला पाहिजे. मग दोन्ही तोंडं जेमतेम टेकवून फिलर गेजची (फट मोजायची) पातळ पाती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घालून बघा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान फटीतला फरक फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, चालतो. चार इंची फ्लँजला चार थाऊ, म्हणजे ०.१ मिमी. हे नाखव्याला सांगून बघा. त्याचं सगळं आयुष्य सुतात गेलेलं असतं, आणि एक सूत म्हणजे १२५ थाऊ. ‘एवढ्याने काय होतंय’ असा चेहरा होतो. एवढ्याने ग्लँडचं पॅकिंग लवकर झिजतं, रबरी बुश एकाच बाजूने खाल्लं जातं, नवा सील गळतो, बोट थरथरते, आणि धक्क्यावरचे जाणकार ‘पंख्यात जाळं अडकलंय’ म्हणून एखाद्या पोराला पाण्यात उतरवतात.

फट सापडली की लगेच पाना उचलू नका. गिअरबॉक्सची फ्लँज धरून ठेवा, शाफ्ट पाव फेरा फिरवा, पुन्हा मोजा. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याची फ्लँज तिरकी आहे. मग लेथवाल्याकडे जा, इंजिनाला त्रास देऊ नका. फट जागच्या जागी राहिली तर दोष इंजिनाच्या बैठकीचा. तेव्हा फट जिकडे असेल तिकडे इंजिनाचं पुढचं तोंड न्यायचं. खाली फट, तर पुढची बाजू खाली. डावीकडे फट, तर पुढची बाजू डावीकडे.

किती? फ्लँज चार इंची, फरक १२ थाऊ, पुढच्या-मागच्या माउंटिंगमध्ये २४ इंच. १२ भागिले ४ गुणिले २४, म्हणजे ७२ थाऊ, १.८ मिमीच्या आसपास. माउंटिंगच्या स्टडची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी असेल तर नटाचा एक फेराही पुरा नको. प्रत्यक्षात जोशात तीन फेरे पडतात. दोन्ही पुढचे नट सारखेच फिरवा, नाहीतर इंजिन तीन पायांवर उभं राहतं आणि चौथा नुसता हजेरी लावतो. उंची साधली की पहारीने आडवं सरकवायचं, त्यात उंची बिघडते. ती साधली की लॉकनट आवळायचे, त्यात दोन्ही बिघडतं. म्हणून शेवटचं माप नेहमी सगळं आवळल्यावरच घ्यायचं. या टप्प्यावर वरून ‘झालं का?’ असं विचारणाऱ्याला उत्तर देऊ नये, तोंडातून वाईट शब्द जातात.

मध्ये रबरी कपलिंग टाकलं की अलाइनमेंट लागत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. ते धक्के खातं, वाकडेपणा खात नाही. फ्लँज जोडताना बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट नवे. चकाकतात म्हणून साधे स्टेनलेसचे घालू नका, ताकदीत कमी पडतात. ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडू द्या. पूर्ण कोरडी ग्लँड तापते.

आणि नवं रबर दबतं, म्हणून काही दिवस चालवल्यावर हेच सगळं पुन्हा करायचं असतं. बोट पहिल्या फेरीहून परत येते तेव्हा लिलाव, बर्फ, डिझेल यांत कपलिंगची आठवण कुणालाच नसते, आणि फिलर गेज तर मागच्याच वेळी बिल्जमध्ये पडलेलं असतं.