अस्वलप्रेमींसाठी चार हिताच्या गोष्टी

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ब्लॅकफूट नदीच्या खोऱ्यात, पाच एकर घेतलेत म्हणे. अभिनंदन! आता ग्रिझली, म्हणजे तिथलं दांडगं तपकिरी अस्वल, अंगणात यायला हवं. सोपं आहे.

आधी कोंबड्या पाळा. खुराडं साध्या जाळीचं, रात्री नुसती कडी. विजेचं कुंपण नको, फोटोत वाईट दिसतं. खिडकीशी पाखरांसाठी सूर्यफुलाच्या बिया टांगा. अस्वलाची दिवाळीही ऑक्टोबरातच. थंडीत झोपायचं म्हणून दिवसाला वीस हजारांपर्यंत कॅलरी रिचवतं. फराळाला आपलंच घर बरं! कचऱ्याचा डबा आदल्या संध्याकाळीच रस्त्यावर ठेवा. अस्वलाला उघडता न येणारे डबे मिळतात, पण त्यांची खिटी बोट आत घालून दाबावी लागते. नेलपॉलिश जातं.

शेजारच्या गुरंवाल्याचं काही ऐकू नका. २००३ पासून हे लोक गाई विण्याच्या दिवसांत मेलेली वासरं ट्रकवर चढवून कंपोस्टला नेतात, मधाच्या पेट्यांभोवती विजेच्या तारा ओढतात, घोड्यावरून कळप राखतात. गमबुटाला वास काय येतो! टी-शर्टवर अस्वल नाही, तोंडी निसर्ग नाही. १९७५ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा अलास्का सोडून अमेरिकेत सात-आठशे ग्रिझली उरली होती, आज दोन हजारांच्या घरात आहेत. त्यात या माणसाचा हात असेल, असं बघून वाटतं तरी का? उलट त्यालाच समजवा, वासरू गेलं तर गेलं, सरकार भरपाई देतं. पंचनामा तेवढा व्हायला हवा, आणि पंचनाम्यापुरतं वासरू उरायला हवं.

अस्वल येईलच. पहिल्या रात्री व्हिडिओ काढा. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघराच्या दारावर पंजा पडला, की वन्यजीव खात्याला फोन लावा आणि ‘मारायचं नाही हं’ म्हणून बजावा. ते ट्रेलरवर मोरीच्या पाइपासारखा पिंजरा आणतील. चटावलेलं अस्वल लांब सोडलं तरी परततं, आणि मग त्याची सुटका बहुधा एकाच प्रकारे होते. ग्रिझलीची मादी पाच-सहा वर्षांची होईतो वीत नाही, पुढेही तीनेक वर्षांतून एकदा. हा हिशेब त्या वेळी काढू नका, उगीच मूड जातो.

एवढी दगदग नको असेल, तर कॅलिफोर्निया बघा. तिथलं शेवटचं ग्रिझली १९२४ च्या सुमारास दिसलं. राज्याच्या झेंड्यावर मात्र अजून ऐटीत चालतंय, आणि कोंबड्यांना काडीचा त्रास नाही.