थर्मासनं काय साधलं, दाजी?

"दिवसाला दोन चहा, पंधरा-पंधरा मिनिटं. वर्षाचे ३०० दिवस धरा, १५० तास. म्हणजे माणशी पावणेएकोणीस दिवसांचा पगार फुकट. जपानात कामगार चहाला उठत नाही. चहा मशीनवरच द्या, गप्पा आपोआप बंद."

हा मेसेज घरच्या ग्रुपवर दाजींनी टाकला. नुसता टाकला असता तर सोडून दिलं असतं. पण वाळूजला त्यांचं चौदा माणसांचं प्रेसशॉप आहे, मशीनवर पत्रा कापून पार्ट काढायचं, आणि सोमवारपासून तिथं टपरीवर जायचं बंद, थर्मास सुरू.

गुणाकार बरोबर आहे. फक्त माणूस आठही तास एकाच वेगानं पार्ट काढतो, हे त्यात गृहीत धरलंय. जपानचं म्हणाल तर तिथल्या सुतारांची दहाची आणि तीनची सुट्टी जुनीच आहे. पुढं.

"मशीनवरच द्या" लिहिणाऱ्यानं पॉवर प्रेस जवळून पाहिलेला नाही. एका हातात गरम ग्लास, दुसऱ्यात पत्रा, पाय पेडलवर. बोट गेलं तर ते कुठल्या पगारात धरणार?

आणि गप्पा. दाजी, तुमच्याच शॉपमधली गोष्ट, दिवाळीच्या आधीची. पॅकिंगचा पोरगा टपरीवर पट्टी बांधलेलं बोट दाखवत होता, "ब्रॅकेट लई कापायलंय, पण भोकाच्या एकाच अंगाला." सुपरवायझरनं त्याला दोनदा हातमोजे घाल म्हणून परत पाठवलं होतं. टूलरूमच्या, म्हणजे साचे दुरुस्त करणाऱ्या, मामांनी ग्लास खाली ठेवला. "एकाच अंगाला? रोज त्याच?" एकाच बाजूला बर, म्हणजे कापलेल्या काठाची धारदार कडा, येते म्हणजे भोक पाडणारा पंच खालच्या साच्याच्या, डायच्या, मधोमध बसत नाही. संध्याकाळी डाय उतरवली. पॅकिंग आणि टूलरूमची गाठ दिवसभरात त्या टपरीवरच पडते. थर्मास असता तर पोरगा चहा पिऊन हातमोजे घालून बसला असता.

किस्सा नको असेल तर हे घ्या. एमआयटीच्या अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी अमेरिकेतल्या एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये लोकांना सेन्सरचे बिल्ले घालायला दिले, कोण कुणाशी किती बोलतं ते मोजलं आणि मॅनेजरला एकच बदल सुचवला: अख्ख्या टीमला कॉफीची सुट्टी एकाच वेळी द्या. २०१२ साली त्यांनी निकाल छापला. मागं पडलेल्या टीममध्ये एका कॉलला लागणारा वेळ २० टक्क्यांहून जास्त घटला, सगळं सेंटर धरून ८ टक्के. मोजला तो कॉलचा वेळ, गप्पांतून निघणाऱ्या नवीन कल्पना नव्हेत, हे कबूल. पण गिऱ्हाईक कसं आवरायचं याची युक्ती माणूस शेजारच्याकडूनच उचलतो, मॅन्युअलमधून नाही.

पंधराची पंचवीस मिनिटं होतात, हेही खरं. तंबाखू मळत रेंगाळणारे दोघं कोण ते तुम्हाला माहीत आहे, मलाही. त्यांना बोला ना. दोघांपायी चौदा जणांचा चहा कशाला तोडता?

थर्मास ऑफिसात ठेवा. पाहुण्यांना होईल.