तळातली दोन नावं आम्ही का काढली नाहीत: एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं किंवा तुमच्या फर्मचं नाव इथे घेत नाही. मुद्द्यांना मात्र इथेच उत्तर देतो, कारण तो वाचून आमच्या इतर ग्राहकांनीही दादरच्या ऑफिसात फोन करून हेच विचारलंय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्याकडे बसवलेलं स्वीटसीआरएम हे ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं, आम्ही त्याला नुसता रंग फासून पैसे घेतले. पानाच्या तळाशी भलत्याच कंपन्यांची नावं तशीच ठेवली, वर ‘बदल केलेली आवृत्ती’ म्हणून स्वतःची जाहिरात चिकटवली. कहर म्हणजे ‘हा कोड मागणाऱ्याला द्यावा लागेल’ असंही सांगितलं. शेवटी टोला, की एका फ्रीलान्सर मुलाने तीच नावं दहा मिनिटांत काढून दिली, मग यांना का जमलं नाही?

जमत नाही असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत, एक ओळ टाकली की तळपट्टी गायब. आमच्याकडे नुकताच लागलेला ट्रेनीही ते करेल. प्रश्न एवढाच, की ती काढायचा हक्क तुम्हाला किंवा आम्हाला आहे का. नाही.

तुमच्याकडे बसवलंय ते स्वीटसीआरएम, सातव्या मालिकेतलं. शुगरसीआरएमच्या मोफत आवृत्तीतून ते २०१३ मध्ये वेगळं निघालं, म्हणून तळाशी दोघांची नावं. परवाना आहे अफेरो जीपीएल, आवृत्ती ३, म्हणजे कोड कुणीही वापरावा, बदलावा, पण त्यातल्या अटी पाळून. सर्व्हरवरची त्यांची कोणतीही पीएचपी (म्हणजे कोडची) फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच मोठा मजकूर आहे, जो सगळे स्क्रोल करून पुढे जातात. त्याच्या शेवटी लिहिलंय, की बदललेल्या आवृत्तीच्या स्क्रीनवरही कायदेशीर सूचना दिसल्या पाहिजेत आणि कलम ७ च्या ‘बी’ पोटकलमानुसार त्यात ‘पॉवर्ड बाय शुगरसीआरएम’ आणि ‘सुपरचार्ज्ड बाय स्वीटसीआरएम’ हे लोगो राहिले पाहिजेत. तांत्रिक कारणाने लोगो दाखवता येत नसतील, तर निदान ते शब्द तरी. ‘आमच्या सबडीलरना बरं दिसत नाही’ हे तुमचं म्हणणं काही तांत्रिक कारण नव्हे.

सगळ्याच ओपन सोर्सला, म्हणजे खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरला, ही अट नसते, आणि गोंधळ इथेच होतो. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या थीममधली तळाची ‘पॉवर्ड बाय’ ओळ खुशाल काढा, त्यांचा परवाना आड येत नाही. एमआयटी या दुसऱ्या खुल्या परवान्यात कॉपीराइटची नोंद कोडच्या प्रतीसोबत गेली की झालं, स्क्रीनवर काही दाखवायची सक्ती नाही. कधी तर उलटंच असतं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे बदल करणाऱ्या डेबियन या लिनक्सवाल्या प्रकल्पाला २००६ मध्ये ते नाव आणि लोगो सोडावा लागला. ब्राउझर तोच, नाव ‘आइसवीझल’, आणि हा प्रकार २०१६ पर्यंत चालला. तिथे मुद्दा ट्रेडमार्कचा होता. तेव्हा ‘त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं होतं’ हा दाखला इथे कामाचा नाही.

आता ‘नुसता रंग’. स्वीटसीआरएमच्या थीमबरोबर डॉन, डे, डस्क आणि नाइट असे तयार रंगसंच येतात. त्यातला एक लावून दिला असता तर तुमचं म्हणणं मान्य होतं. तुम्हाला तुमच्या व्हॅनवरचा वांगी रंग हवा होता आणि बटणांवर पिवळी अक्षरं. पहिल्या नमुन्यात ‘कॉल पूर्ण’ हे बटण ऑफिसच्या मॉनिटरवर झकास दिसत होतं. टेक्निशियनने ते कल्याणला एका सोसायटीच्या गच्चीवर, भर उन्हात, स्वस्तातल्या फोनवर उघडलं तेव्हा अक्षरं दिसेनात, आणि त्याने शेजारचं ‘रद्द’ दाबलं. मग दोन्ही बटणं लांब नेली, रंग गडद केला, लेबलं मराठी केली. हे सगळं ‘कस्टम’ फोल्डरमध्ये वेगळं ठेवलंय, म्हणजे अपग्रेडच्या वेळी पुसलं जाणार नाही. पैसे या कामाचे घेतले. सॉफ्टवेअरच्या परवान्याचा एक रुपयाही लावलेला नाही, बिल काढून बघा. तसंही याच परवान्याचं कलम ४ प्रत देण्याचे आणि सपोर्टचे पैसे घ्यायला मुभा देतं.

‘बदल केलेली आवृत्ती’ आणि पुढे महिना-वर्ष, ही ओळ कलम ५ मुळे आहे. आपण बदल केलाय हे ठळक सांगायचं आणि तारीख द्यायची, म्हणजे उद्या काही बिघडलं तर मूळ लेखकांच्या माथी खापर फुटत नाही. त्या ओळीतलं आमचं नाव खुपत असेल तर तिथे तुमच्या फर्मचं घालतो. नोंद आणि तारीख राहील.

कोडबद्दल तुमची काळजी मी समजू शकतो, पण रिव्ह्यूत ‘आमच्या ग्राहकांची यादी जगाला वाटणार’ असं लिहिलंत, ते साफ चूक आहे. कलम १३ म्हणतं, की बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून जे वापरतात, त्यांना त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, विनामूल्य मिळायची सोय ठेवा. म्हणजे तुमच्या वसई-कल्याणच्या सबडीलरचा माणूस लॉगिन करून मागू शकतो. त्याला मिळतील आम्ही बदललेल्या टेम्प्लेट आणि पीएचपी फाइली. डेटाबेस त्यात येत नाही. डेटाबेसचा पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये असतो, ती आम्ही मागणाऱ्याला द्यायच्या झिपमधून वगळलीय. तुमचा लोगो तुमचाच राहतो, कोडबरोबर त्याचा हक्क कुणाला जात नाही. हो, एकदा कोड मिळाल्यावर त्याने तो पुढे कुणाला दिला तर मात्र तुम्हाला अडवता येणार नाही. हे आम्ही कोटेशनसोबतच्या पत्रात लिहिलं होतं.

त्या मुलाने तळपट्टी लपवलीय, तर कलम ८ वाचून ठेवा. अट मोडली की परवाना जातो. परवाना नसताना वापर चालू ठेवला तर तो थेट कॉपीराइटचा भंग, आणि आपल्या १९५७ च्या कायद्यात संगणक प्रोग्रॅमही साहित्यकृतीत मोडतो. सुदैवाने हे कलम निर्दयी नाही. चूक थांबवलीत आणि त्यानंतर ६० दिवसांत हक्कधारकाने काही कळवलं नाही, तर परवाना कायमचा परत मिळतो. त्यांची पहिलीच नोटीस आली असेल तर ३० दिवसांत दुरुस्त केलं तरी भागतं. म्हणून सांगतो, तळपट्टी लपवणारी ती एक ओळ आजच काढून टाका.

कुणाचंच नाव नको असेल तर त्या दोन्ही हक्कधारकांकडून वेगळी लेखी परवानगी आणा, किंवा सॉफ्टवेअर बदला. आपल्या मुंबईतल्याच फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंदा सांभाळायचं सॉफ्टवेअर जीपीएल आवृत्ती ३ खाली आहे, त्यात नेटवर्कवाल्यांना सोर्स द्यायचं कलम नाही. मात्र सबडीलरच्या मशीनवर प्रत बसवून दिलीत की सोर्स आलाच, आणि ट्रेडमार्कचा विषय तिथेही वेगळा बघावा लागेल. खर्च नव्याने होईल, हे आधीच सांगतो.

पूर्ण रक्कम परत मागितलीत, ती मिळणार नाही. थीमचं काम झालेलं आहे आणि तुमची माणसं ते रोज वापरताहेत. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) नको असेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करू. अ‍ॅडमिन पासवर्ड आणि बॅकअप तुमच्याकडे आहेतच. एएमसी ठेवलीत तर पुढच्या अपग्रेडला दोन्ही नावं पूर्वीसारखी दिसतील. ती लपवून द्यायचं काम आम्ही घेणार नाही.