मॉर्टन एका मताने जिंकला, पण फॉरवर्डमध्ये लिहिलंय तसं नाही

निवडणुका आल्या की "एका मताची किंमत" वाला मेसेज फिरतोच, त्यात १८३९ ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक मार्कस मॉर्टन एका मताने जिंकला असंही असतं. अर्धंच खरंय ते.

मॉर्टनला ५१,०३४ मतं, गव्हर्नर असलेल्या एडवर्ड एव्हरेटला ५०,७२५, म्हणजे फरक ३०९ चा. मग एक मत आलं कुठून? तर तिथे तेव्हा नुसतं पुढे असून भागायचं नाही, एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त लागायची, आणि किरकोळ नावांवर पडलेली ३०७ धरून एकूण झाली १,०२,०६६, त्याचे निम्मे ५१,०३३, करा हिशोब. मॉर्टनच्या मतांतलं एक जरी दुसऱ्या कुणाला गेलं असतं तर निर्णय विधिमंडळाकडे, आणि तिथे एव्हरेटच्याच व्हिग पक्षाचा जोर होता.

बरं, हे मॉर्टन गडी दरवर्षी उभे राहून दरवर्षी पडायचे (तिथे निवडणूक वर्षाला असायची). यावेळी लोक भडकलेले दारूच्या कायद्यावरून, १५ गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण ५७ लिटरपेक्षा कमी विकायचीच नाही! पेगवाल्याने काय करायचं? पुढच्याच वर्षी मॉर्टन हरला, ते मात्र मेसेजमध्ये कुणी टाकत नाही.